क्रॉयडनचा कौल आणि क्रॉयडनचे कर्ज

५ मे २०२२ रोजी लंडन महानगरातील सर्व ३२ बरोंच्या, म्हणजे तेथील स्थानिक नगरपरिषदांच्या, निवडणुका झाल्या. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या निवासस्थानी झडलेल्या मेजवान्यांचे प्रकरण तेव्हा ताजे होते आणि त्या रोषाचा फटका त्यांच्या हुजूर पक्षाला बसणार, हे सांगण्यास कोणा ज्योतिषाची गरज नव्हती. वेस्टमिन्स्टर हा बरो १९६४ च्या पहिल्या निवडणुकीपासून कधी हुजूर पक्षाच्या हातून गेला नव्हता. तो या वेळी गेला. वँड्सवर्थ १९७८ पासून त्या पक्षाची गढी मानली जाई; तीही पडली. बार्नेटही मजूर पक्षाने जिंकला. अशा या प्रतिकूल वाऱ्यात दक्षिण लंडनमधील क्रॉयडन या बरोने मात्र उलटी दिशा धरली. मतदारांनी थेट निवडावयाच्या महापौराचे पद तेथे प्रथमच निर्माण झाले होते आणि त्या पदावर हुजूर पक्षाचे जेसन पेरी निवडून आले. त्यांना ३८,६१२ आणि मजूर पक्षाच्या व्हॅल शॉक्रॉस यांना ३८,०२३ मते पडली. अंतर अवघे ५८९ मतांचे!

एका परदेशी नगरपरिषदेतील पाचसहाशे मतांच्या या हारजितीकडे मराठी वाचकाने लक्ष का द्यावे, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याचे एक उत्तर व्यावहारिक आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे मतदानाचा हक्क आहे. नोकरीनिमित्त तेथे गेलेला मराठी तरुण भारतीय पारपत्र खिशात ठेवूनही आपल्या बरोच्या निवडणुकीत मत देऊ शकतो आणि निवडणुकीनंतर वाढलेली घरपट्टीही त्यालाच भरावी लागते. दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. स्थानिक स्वराज्य या कल्पनेचे धडे आपण ज्या देशाकडून घेतले, त्या देशातच तिची मर्यादा क्रॉयडनने उघडी केली. मतपेटी राज्यकर्त्याला शिक्षा करू शकते. पण त्याने करून ठेवलेले कर्ज फेडू शकत नाही. मग त्या मताची किंमत काय, हा प्रश्न क्रॉयडनपुरता मर्यादित राहत नाही.

समृद्धीचा आभास

क्रॉयडन हे काही खेडे नव्हे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३ लाख ९० हजारांवर भरली. लंडनमधील बरोंत ती सर्वाधिक होती. १९६५ मध्ये जुने क्रॉयडन शहर आणि त्याच्या दक्षिणेचा कूल्सडन-पर्ली हा भाग एकत्र करून आजचा बरो घडविण्यात आला. या जोडणीची खूण अद्याप पुसलेली नाही. उत्तरेकडे दाट वस्ती, भाड्याची घरे आणि कॅरिबियन, आफ्रिकी व दक्षिण आशियाई वंशाच्या कुटुंबांची मोठी संख्या. दक्षिणेकडे बागा असलेली स्वतंत्र घरे आणि रोज आगगाडीने लंडनला जाणारा सुस्थित मध्यमवर्ग. उत्तर मजूर पक्षाची, दक्षिण हुजूर पक्षाची, ही वाटणी इतकी पक्की की, बहुतेक प्रभागांचा निकाल मतदानापूर्वीच ठाऊक असे. परकीय नागरिकांच्या प्रवेशाचे व वास्तव्याचे अर्ज हाताळणारी ब्रिटिश गृहखात्याची ल्यूनर हाउस ही इमारतही येथेच आहे. इंग्लंडात स्थायिक झालेल्या कित्येक भारतीयांना क्रॉयडन आठवते ते त्या इमारतीपुढील रांगेमुळे.

या बरोच्या नगरपरिषदेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी आपण निर्धन झाल्याची कबुली दिली. १९८८ च्या स्थानिक अर्थव्यवहार कायद्याचे कलम ११४ असे सांगते की, वर्षाचा खर्च उपलब्ध साधनांतून भागणार नाही असे मुख्य वित्त अधिकाऱ्याला दिसले, तर त्याने तशी नोटीस काढली पाहिजे. ती निघताच कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवांखेरीज कोणताही नवा खर्च करता येत नाही. इंग्लंडच्या कायद्यात नगरपरिषदेला व्यापाऱ्याप्रमाणे दिवाळे काढता येत नाही; परंतु ही नोटीस म्हणजे व्यवहारात दिवाळेच होय. चालू वर्षाची तूट ६ कोटी ६० लाख पौंडांची होती. एकूण कर्ज सुमारे दीडशे कोटी पौंडांच्या घरात गेले होते. ३ लाख ९० हजार लोकवस्तीवर ते वाटले, तर दर माणशी, तान्ह्या मुलासकट, जवळजवळ ३,८०० पौंड होतात.

हे ऋण कोठून आले? याचे एक कारण क्रॉयडनच्या बाहेर आहे आणि प्रामाणिक विवेचनाने तेथूनच आरंभ केला पाहिजे. २०१० नंतर ब्रिटिश सरकारने काटकसरीचे जे धोरण स्वीकारले, त्याचा सर्वांत जड भार स्थानिक संस्थांवर पडला. सरकारी अनुदाने दहा वर्षांत वास्तव किंमतीने सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. दुसरीकडे वृद्धांची देखभाल आणि निराधार मुलांचा सांभाळ ही कायद्याने लादलेली कर्तव्ये वाढतच होती. क्रॉयडनमध्ये तर ल्यूनर हाउसमुळे पालकांविना आश्रय मागणाऱ्या मुलांची जबाबदारी इतरांहून अधिक होती. उत्पन्न वाढवावे, तर २०११ च्या कायद्याने कौन्सिल टॅक्स, म्हणजे तेथील घरपट्टी, ठरावीक मर्यादेपलीकडे वाढविण्यासाठी लोकमत घेण्याची अट घातलेली. हा कर आजही घरांच्या १९९१ च्या किमतींवर बसविला जातो. तीस वर्षांत लंडनच्या घरांच्या किमती कोठल्या कोठे गेल्या. पण त्या वाढीतून नगरपरिषदेला आपोआप एक पौंडही मिळाला नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

घरचाच धनको, घरचाच ऋणको

तथापि अशीच ओढाताण इंग्लंडमधील शेकडो नगरपरिषदांची झाली आणि त्यांपैकी थोड्यांनीच क्रॉयडनची वाट धरली. ती वाट अशी होती. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांना सार्वजनिक कामांसाठी सरकारी कर्ज मंडळाकडून अतिशय कमी व्याजाने पैसा मिळतो आणि त्यासाठी प्रत्येक प्रकल्पाची कसोशीने छाननी होत नाही. स्वस्त व्याजाने पैसा घ्यावा, तो अधिक मिळकतीच्या व्यवहारात गुंतवावा आणि मधल्या फरकावर ग्रंथालये आणि वृद्धाश्रम चालवावेत, हा विचार वरकरणी आकर्षक वाटतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मात्र आम्ही सांगतो की, व्याजाच्या दोन दरांतील अंतर ही फुकटची मिळकत नसते. ते धोक्याचे मोल असते. ज्याने पैसा उचलला, त्याने तो धोकाही उचललेला असतो, मग त्याची नोंद वहीत असो वा नसो.

क्रॉयडनच्या नगरपरिषदेने तीन वर्षांत ५४ कोटी ५० लाख पौंडांचे कर्ज उचलले आणि ते स्वतः स्थापिलेल्या कंपन्यांत व स्थावर मालमत्तेत घातले. २०१८ मध्ये तिने क्रॉयडन पार्क हे हॉटेल सुमारे ३ कोटी पौंडांना विकत घेतले. २०२० च्या महामारीत हॉटेल चालविणारी कंपनी बुडाली आणि पुढल्या वर्षी ही इमारत सुमारे ५० लाख पौंडांचा तोटा सोसून विकावी लागली. परंतु खरा घात झाला तो 'ब्रिक बाय ब्रिक' या घरबांधणी कंपनीत. ही कंपनी पूर्णतः नगरपरिषदेच्या मालकीची. तिला सुमारे २० कोटी पौंड कर्जाऊ देण्यात आले. कल्पना अशी की, ती घरे बांधील, व्याज देईल आणि नफाही देईल. नोव्हेंबर २०२० पर्यंत तिने व्याजही दिले नाही आणि नफाही दिला नाही. सावकार नगरपरिषद, कंपनीची मालक नगरपरिषद, तिला जमीन देणारी नगरपरिषद आणि तिच्या नकाशांना परवानगी देणारीही नगरपरिषदच! आपल्याच घरातल्या कर्जदाराकडे तारण मागायला आणि हप्ता चुकला म्हणून दार ठोठवायला कोण जाणार?

याच कंपनीकडे फेअरफिल्ड हॉल्स या जुन्या नाट्य व संगीतगृहाच्या नूतनीकरणाचे काम सोपविले होते. आरंभीचा अंदाज ३ कोटी पौंडांचा होता; २०१९ मध्ये सभागृह पुन्हा उघडले आणि पुढे हिशेब झाला तेव्हा खर्च ६ कोटी ७५ लाखांवर गेल्याचे दिसले. मार्च २०२१ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने दक्षिण नॉरवुडमधील रेजिना रोडवरील नगरपरिषदेच्याच मालकीच्या घरांची स्थिती दाखविली. छतातून गळणारे पाणी, भिंतींवर बुरशीचे काळे थर आणि त्यांत राहणारी लहान मुले. जी संस्था नवी घरे बांधण्यासाठी कोट्यवधी पौंड उसने देत होती, तिला स्वतःच्या भाडेकरूंच्या छतातली गळती थांबविता येत नव्हती. कर्जाच्या आकड्यांमुळे जे समजत नाही, ते या भिंतींनी सांगितले.

पहारेकरी कोठे होते?

ऑक्टोबर २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी लोकहितार्थ म्हणून जो विशेष अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या कारभाराला 'सामुदायिक आंधळेपणा' म्हटले आहे. शब्द नेमका आहे. परंतु तो आंधळेपणा का आला, हे पाहिल्याशिवाय त्याचा बोध घेता येणार नाही.

पूर्वी इंग्लंडमधील नगरपरिषदांचा कारभार सर्वपक्षीय समित्यांमार्फत चाले. शिक्षण समिती, गृहनिर्माण समिती, वित्त समिती. साधा नगरसेवकही कोठल्या ना कोठल्या समितीत बसे आणि कागद पाहून मगच हात वर करी. ती पद्धत संथ होती, वेळखाऊ होती. २००० च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी ती मोडली आणि त्याऐवजी बहुमतातील पक्षाचा नेता व त्याने निवडलेले छोटे मंत्रिमंडळ यांच्या हाती निर्णय दिला. उरलेल्या नगरसेवकांनी या मंडळाची 'छाननी' करावी, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. छाननी करणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचेच बहुमत असले, की ती कितपत कठोर होते, हे सांगावयास नको. क्रॉयडनमध्ये २०१८ च्या निवडणुकीत ७० पैकी ४१ जागा मजूर पक्षाला आणि २९ हुजूर पक्षाला मिळाल्या. सभागृहात तिसऱ्या कोणाचा आवाजच नव्हता. बहुतेक नगरसेवक आपल्या प्रभागात निर्धास्त होते. पक्षाची उमेदवारी हीच निवड. मग उमेदवारी देणाऱ्या नेत्याला अडचणीचा प्रश्न विचारण्यात शहाणपण ते कोणते?

बाहेरचा पहारेकरीही दुबळा झाला होता. इंग्लंडमधील स्थानिक संस्थांचे लेखापरीक्षण पूर्वी ऑडिट कमिशन या स्वतंत्र सार्वजनिक मंडळाच्या देखरेखीखाली चाले. २०१० मध्ये सरकारने ते बंद करण्याचे जाहीर केले आणि मार्च २०१५ अखेर ते बंदही झाले. ते काम खासगी लेखापालांच्या मोठ्या संस्थांकडे गेले. खर्च वाचला, असे सांगण्यात आले. पुढे काय झाले? सप्टेंबर २०२३ अखेर इंग्लंडमधील स्थानिक संस्थांचे नऊशेहून अधिक लेखापरीक्षण अहवाल थकलेले होते. क्रॉयडनचे लेखापरीक्षक मात्र तुलनेने जागरूक निघाले. राखीव निधी अपुरा आहे, असे इशारे त्यांनी आधीच्या वर्षांतही दिले होते. परंतु इशाऱ्याला दात नसतात. तो ऐकणाराच जर आरोपी असेल, तर तो कपाटात जातो.

येथे एका गोष्टीची नोंद पक्षनिरपेक्षतेसाठी केली पाहिजे. क्रॉयडनच्या कर्जाची वाढ प्रामुख्याने मजूर पक्षाच्या कारकीर्दीत झाली. पण मोठी स्वप्ने उसन्या पैशावर पाहण्याची सवय त्या पक्षाचीच नव्हे. नगरपरिषदेचे नवे प्रशस्त कार्यालय हुजूर पक्षाच्या सत्तेत उभे राहिले. थरॉक, वोकिंग या नगरपरिषदांनी हुजूर पक्षाच्या राजवटीतच याहून धाडसी व्यवहार केले आणि थरॉकने डिसेंबर २०२२ मध्ये, तर वोकिंगने जून २०२३ मध्ये तीच नोटीस काढली. रोग पक्षाचा नव्हता. अनुदान काढून घेऊन उधारीचा दरवाजा उघडा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता. ब्रिटिश अर्थखात्याने केवळ उत्पन्नासाठी मालमत्ता घेणाऱ्यांना हे स्वस्त कर्ज बंद केले, ते नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे क्रॉयडनची नोटीस निघाली त्याच महिन्यात. बैल गेला नि झोपा केला, तो असा.

महापौर हवा, पण कशासाठी?

नोटीस निघण्यापूर्वीच क्रॉयडनच्या नागरिकांत अस्वस्थता होती. बांधकाम परवानग्यांविषयीच्या तक्रारींतून नागरिकांच्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी नेता नगरसेवकांनी न निवडता महापौर थेट जनतेने निवडावा, अशी मागणी केली. कायद्याने अशा मागणीसाठी पाच टक्के मतदारांच्या सह्या लागतात. येथे वीस हजारांच्या वर जमल्या. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी लोकमत घेण्यात आले. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी महापौराच्या बाजूने कौल दिला. मात्र मतदानालाच आले होते अवघे २१ टक्के लोक. उत्साहाचा आकडा आणि उदासीनतेचा आकडा एकाच पत्रकात छापला गेला.

थेट निवडीचा हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. नगराध्यक्ष जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, याविषयीचा कायदा महाराष्ट्रात एकदा इकडे, एकदा तिकडे असा अनेकदा फिरला आहे. थेट निवडीच्या बाजूने सांगितला जाणारा युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच: जबाबदारी एका माणसावर निश्चित होते. हे खरे आहे. क्रॉयडनमध्ये २०२० पूर्वी किती मतदारांना आपल्या नगरपरिषदेच्या नेत्याचे नाव सांगता आले असते, याची शंकाच आहे. पण जबाबदारी निश्चित होणे आणि अधिकार हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अधिकाराविना जबाबदारी म्हणजे फटके खाण्यासाठी उभा केलेला खांब.

निवडणुकीची पद्धतही लक्षात घेण्याजोगी होती. प्रत्येक मतदाराला पहिली आणि दुसरी अशा दोन पसंती देता येत होत्या. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. मग पहिले दोघे सोडून इतर बाद झाले आणि त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजण्यात आली. त्यातून ५८९ मतांचा निकाल लागला. सभागृहात मात्र मजूर पक्षाला ३४, हुजूर पक्षाला ३३, हरित पक्षाला २ आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १ जागा मिळाली. बहुमत कोणाचेच नव्हे! आधीच्या सभागृहात नसलेले तिसरे-चौथे आवाज आत आले, हा या निवडणुकीचा फारसा न गाजलेला, पण माझ्या मते सर्वांत हितकारक परिणाम होय.

मतदाराचा हा निवाडा कमी लेखण्याचे कारण नाही. देशभर हुजूर पक्षावर राग असताना क्रॉयडनचा मतदार देशाच्या राजकारणावर नव्हे, तर आपल्या नगरपरिषदेच्या हिशेबावर मत देऊन आला. शॉक्रॉस या पूर्वी नगरपरिषदेच्या नेत्या होत्या, पण २००० पर्यंतच. दिवाळ्याशी त्यांचा संबंध नव्हता. तरी पक्षाच्या पापाचे माप त्यांच्या पदरी पडले. स्थानिक निवडणुका म्हणजे राष्ट्रीय पक्षांच्या लोकप्रियतेची वार्षिक चाचणी, असे मानणाऱ्या राजकीय पंडितांना क्रॉयडनने चुकीचे ठरविले. मतदार दंड करू शकतो आणि त्याने तो केला.

दंड झाला; मग पुढे?

२२ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे नव्या महापौरांना सहा महिने होतात न होतात तोच, क्रॉयडनने पुन्हा कलम ११४ ची नोटीस काढली. २०२३-२४ या वर्षात १३ कोटी पौंडांची तूट येणार होती. सत्ता पालटली होती, पद्धत पालटली होती, पण वहीतील नावे बाजूची पाने तीच होती. महापौरांनी कर्जाचा काही भाग माफ करावा म्हणून सरकारकडे विनंती केली. ती मान्य झाली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने मान्य केले ते निराळेच. एरवी ज्या करवाढीला पाच टक्क्यांच्या आतबाहेर वेसण असते, ती क्रॉयडनला लोकमत न घेता १५ टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. सभागृहाने मार्चमध्ये ते अंदाजपत्रक एकदा फेटाळले. पण अंदाजपत्रकाविना नगरपरिषद चालविता येत नाही आणि महापौराचे अंदाजपत्रक बदलावयास दोनतृतीयांश मते लागतात. अखेर त्याच महिन्यात वाढ मंजूर झाली. मध्यम प्रतीच्या घरावर वर्षाकाठी सव्वादोनशे पौंडांहून अधिक बोजा पडला.

सरकारी मदतीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. २०२१ मध्ये क्रॉयडनला १२ कोटी पौंडांची 'मदत' जाहीर झाली आणि २०२५-२६ साठी १३ कोटी ६० लाखांची. हे अनुदान नव्हे. रोजचा खर्च कर्ज काढून किंवा मालमत्ता विकून भागविण्याची ती खास परवानगी आहे. एरवी कायदा हे करू देत नाही. कर्जात बुडालेल्याला आणखी कर्ज काढण्याची अनुज्ञा देणे, याला ब्रिटिश अर्थखात्याच्या भाषेत साहाय्य म्हणतात; आपल्याकडे त्याला ऋण काढून सण म्हणतात आणि येथे तर सणही नव्हता. जुलै २०२५ मध्ये सरकारने अखेर क्रॉयडनवर आयुक्त नेमले. मतदारांनी निवडलेल्या महापौराच्या डोक्यावर, मतदारांना ज्यांना बदलता येत नाही अशी माणसे आली.

निवडणूक तीन कामे करते. ती राज्यकर्ता निवडते, ती राज्यकर्ता घालविते आणि ती करांना संमती देते. क्रॉयडनच्या मतदाराने पहिली दोन कामे चोख बजावली. तिसरे मात्र त्याच्याकडून काढून घेण्यात आले. कर किती वाढावा, हे लंडनमधील मंत्र्याने ठरविले. कोणती सेवा कापावी, हे कर्जाच्या हप्त्याने ठरविले. उरली ती एकच निवड: ही कापाकापी कोणाच्या हातून व्हावी. दिवाळखोराच्या मालमत्तेवर नेमलेला व्यवस्थापक धनकोंनी न नेमता मतदारांनी नेमावा, एवढाच या लोकशाहीचा संकोचलेला अर्थ राहिला. लोकमताला आलेल्या २१ टक्क्यांचा आणि घरी राहिलेल्या ७९ टक्क्यांचा उलगडा मला येथेच होतो. घरी बसलेला मतदार नेहमीच आळशी असतो असे नाही. कधी कधी त्याला पैशाचा हिशेब अधिक कळलेला असतो.

म्हणून प्रश्न महापौराचा नाही, आणि कोणत्या पक्षाने जिंकावे हाही नाही. निवडणूक चार वर्षांनी येते आणि कर्ज एका रात्रीच्या बैठकीत मंजूर होते. या दोहोंच्या मधल्या काळात जे पहारा देतात, त्यांच्यावर मताची किंमत अवलंबून असते. छाननी समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडेच असावे. नगरपरिषदेच्या कंपन्यांचे ताळेबंद पूर्ण सभागृहापुढे यावेत. लेखापरीक्षकाचा इशारा फेटाळावयाचा तर त्याची कारणे लेखी व जाहीरपणे द्यावीत. आणि मुख्य म्हणजे ज्या सरकारने कर्तव्ये लादली, त्याने त्यांच्यासाठी उत्पन्नाचे साधनही द्यावे. १९९१ च्या किमतींवर बसविलेली घरपट्टी कोणत्याही पक्षाच्या सरकारने आजवर हात लावण्याचे टाळली, कारण तिची फेरआकारणी केल्यास मते जातात. तो भित्रेपणा क्रॉयडनच्या दिवाळ्यात अर्ध्या वाट्याचा भागीदार आहे.

क्रॉयडनमधील एखाद्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मराठी कारकुनाला किंवा विद्यार्थिनीला पुढल्या निवडणुकीत दारावर उमेदवार भेटेल, तेव्हा रस्त्यावरचे खड्डे आणि कचऱ्याच्या पेट्या यांविषयी तिने जरूर विचारावे. पण त्याबरोबर आणखी एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी या नगरपरिषदेने व्याजापोटी किती दिले आणि ते कर्ज मंजूर झाले त्या दिवशी तुम्ही सभागृहात काय विचारले होते? २०२० पूर्वी हा प्रश्न पुरेशा दारांवरून विचारला गेला असता, तर ५८९ मतांच्या निकालाला एवढे महत्त्व द्यावे लागले नसते.